खरी नकल

(गेल्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशीच्या आरतीनंतर मंडळाच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोललो तसेच ठेवले आहे.)



सेक्रेटरींनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "जुन्या व्हिडिओ गेमच्या अधिकृत परवान्याने निघालेल्या नव्या आवृत्त्या विकत घेणे." ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गेल्या वर्षी आपण मधुमेहावर ठेवलं होतं." मी म्हटलं, ते ऐकून कोणी साखर सोडली का? तर त्यावर हसून त्यांनी परवानगी दिली. पंचवीस मिनिटं आहेत, त्यानंतर मुलांची नाटुकली आहे, त्यामुळे फार ताणणार नाही.

तुम्हाला माहीतच आहे की मी राहायला आमलीत आणि नोकरीला गुजरात सरकारच्या एका कार्यालयात. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. आमच्या कार्यालयात कागदाची प्रत मूळ कागदाशी ताडून पाहिली की तिच्यावर शिक्का मारतात, गुजरातीत, ‘खरी नकल’. मराठीत आपण सत्यप्रत म्हणतो. नोकरीला लागलो तेव्हा पहिले काही महिने हा शिक्का वाचून मला हसू यायचं. आपल्याकडे नकल म्हणजे एक तर मिमिक्री, नाही तर बनावट माल. ती खरी कशी असेल? पण वीस वर्षं तो शिक्का पाहून आता वाटतं की फार नेमका शब्द आहे. ती मूळ नाही, पण मुळाशी ताडलेली आहे, आणि ताडणाऱ्याची खाली सही आहे. आज जे बोलणार आहे ते सगळं या शिक्क्याभोवती फिरतं.

आता थोडं मागे जातो. आमचे बाबा कारखान्यातल्या नोकरीसाठी सिल्वासाला आले, तुमच्यापैकी बऱ्याच घरांत असंच घडलं. करसवलतीमुळे इथे कारखाने येत होते, पिपरियाकडे रोज नवीन शेड उभी राहत होती, आणि माणसं नाशिक, जळगाव, कोकण कुठून कुठून येत होती. १९९१ च्या दिवाळीला बाबांना बोनस मिळाला. ते वापीहून गाडी पकडून मुंबईला गेले आणि मनीष मार्केटमधून एक खोका घेऊन आले. आईला वाटलं मिक्सर आणला. आत होता टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम, दोन रिमोट, एक बंदूक आणि एक पिवळी कॅसेट. आपण तिला कॅसेटच म्हणायचो, आजही मी कॅसेटच म्हणणार. तिच्यावर छापलेलं होतं ९९९९ इन १.

माझा दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याने वही घेतली आणि पहिल्याच रात्री मोजायला बसला. तिसऱ्या पानावर त्याच्या लक्षात आलं की चाळिसाव्या खेळानंतर पुन्हा पहिलाच खेळ येतो आहे, फक्त नाव वेगळं. कुठे मारिओ पाण्यातून सुरू होतो, कुठे तिसऱ्या टप्प्यापासून. एकूण खेळ निघाले तीस-पस्तीस. बाबा म्हणाले, "दुकानदाराने नऊ हजार नऊशे नव्याण्णव सांगितले होते." दादा म्हणाले, "नावं तेवढी आहेत, बाबा."

हे असं का, ते मला डिप्लोमा करताना कळलं. त्या यंत्रावरचे सुरुवातीचे खेळ फार लहान, एकेक चाळीस किलोबाइट किंवा त्याहून कमी. आज आपण व्हॉट्सअ‍ॅपवर सुप्रभातचं जे चित्र पाठवतो ते त्यापेक्षा मोठं असतं. असे लहान खेळ एका चिपमध्ये डझनांनी मावायचे. पुढच्या काळातल्या मोठ्या खेळांच्या कॅसेटमध्ये जादा चिप लागायची, ती नक्कल करणं महाग पडायचं. म्हणून आपल्याकडे १९८५ च्या आसपासचेच खेळ आले, आणि १९९० नंतरचे उत्तम खेळ आपण पाहिलेच नाहीत.

आणि ते यंत्रसुद्धा नक्कलच होतं. मूळ यंत्र जपानच्या निन्टेन्डो कंपनीचं, फॅमिकॉम. १५ जुलै १९८३ ला ते जपानमध्ये विक्रीला आलं. ज्यांनी ते यंत्र तयार केलं त्या अभियंत्यांचं नाव मासायुकी उएमुरा. २०२१ च्या डिसेंबरमध्ये ते वारले. मी त्यांच्या यंत्राच्या नकलेवर आयुष्यातली पाच वर्षं घालवली आणि त्यांचं नाव मला वयाच्या चाळिशीत कळलं. भारतात त्या काळी निन्टेन्डोचंच यंत्र ‘सामुराई’ या नावानेही विकलं जायचं, पण आमच्या वस्तीत मी तरी ते कोणाकडे पाहिलं नाही. १९९५ मध्ये सेगाच्या यंत्रांसाठी शॉ वॉलेस कंपनीने करार केला होता. म्हणजे अधिकृत वाट अगदीच नव्हती असं नाही. फक्त ती वाट आमच्या बाबांच्या बोनसपर्यंत पोहोचत नव्हती.

आमच्या घरात सगळ्यात जास्त चालायचा तो टँकचा खेळ. हात वर करा बरं, कोण कोण खेळलंय? पाहा, अर्धं सभागृह. विटांच्या भिंती, मधे खाली एक पक्षी, त्याला वाचवायचं, आणि वरून एकेक करून वीस रणगाडे येणार. आम्ही त्या पक्ष्याला कबूतर म्हणायचो, तो गरुड होता. दोघांनी मिळून खेळायचा खेळ. यात एक गंमत होती, स्वतःचा नकाशा बनवता यायचा. दादा त्यात किल्ले बांधायचा. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला असायचाच, पण हा त्याचा बारमाही किल्ला. वीट, पोलाद, पाणी, झाडी, तेरा बाय तेराच्या चौकटीत त्याने शिवनेरी बसवायचा प्रयत्न केला, मग जंजिरा केला, जंजिरा सोपा होता कारण सगळीकडून पाणी. आणि मग लाइट जायची. लाइट गेली की किल्ला गेला. यंत्राला काही लक्षात ठेवता येत नव्हतं. दादा एकदा त्यावरून खरोखर रडला होता, तो आज इथे नाही म्हणून सांगतो.

आता मुद्द्याकडे येतो. २०२० च्या लॉकडाऊननंतर आमच्या घरात मुलीच्या अभ्यासासाठी चांगला कॉम्प्युटर आला. तिच्याकडूनच मला कळलं की जुन्या जपानी खेळांचे संग्रह आता मूळ कंपन्याच अधिकृतपणे विकतात. नामको कंपनीचा ‘नामको म्युझियम आर्काइव्ह्ज’ म्हणून दोन भागांचा संग्रह त्याच वर्षी निघाला होता, आणि दुसऱ्या भागात होता ‘बॅटल सिटी’. मी विचारलं, हे काय आहे? तिने चालू केला. आमचा टँक!

तीस वर्षं ज्याला आम्ही टँक म्हणत होतो त्याचं नाव बॅटल सिटी. आणि नावाच्या पडद्यावर, खाली, आम्ही कधीही न पाहिलेली एक ओळ, १९८० आणि १९८५ अशी दोन वर्षं आणि पुढे नामको कंपनीचं नाव. दोन वर्षं कशी, म्हणून मी शोधलं. १९८० मध्ये याच कंपनीने ‘टँक बटालियन’ नावाचा खेळ काढला होता, त्याचाच हा पुढचा अवतार. म्हणजे त्या एका ओळीत खेळाचा जन्म आणि त्याचं मूळ घराणं दोन्ही होतं.

मग आमच्या कॅसेटमध्ये ही ओळ का नव्हती? कारण ती खोडली होती. कॅसेटची नक्कल करणारे खेळाच्या आत शिरून कंपनीचं नाव आणि वर्ष पुसायचे, त्या जागी काळी पट्टी ठेवायचे किंवा स्वतःचं काही तरी घुसडायचे. खेळ चालला पाहिजे, गोळी सुटली पाहिजे, फक्त कोणी बनवला ते दिसता कामा नये. आमच्या कार्यालयात असा कागद आला, की मजकूर सगळा आहे पण सहीच्या जागी पांढरी शाई, तर मी तो टेबलावर ठेवूनसुद्धा घेणार नाही. आणि घरी मी पाच वर्षं तेच पाहत होतो. ‘बॅटल सिटी’ तर फॅमिकॉमसाठी जपानबाहेर अधिकृतपणे विकायलाही आला नव्हता. आपल्यासाठी तो खेळ नाव पुसूनच जन्माला आला होता.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी होस्टेलवर माझ्याकडे सीडी रायटर होता. मी चाळीस रुपयांना गेमची सीडी कॉपी करून द्यायचो. सीडीवर स्केचपेनने नाव लिहायचो, तेही अर्धं. मेसचं बिल त्यातून निघायचं. मला त्यात काही चूक वाटली नव्हती आणि वाटण्यासारखं आसपास काही नव्हतं, कारण अस्सल सीडी मी पाहिलीच नव्हती. हे समर्थन नाही. चाळीस रुपये मी घेत होतो, आणि ज्याने खेळ लिहिला त्याला त्यातला एकही जात नव्हता, एवढाच त्याचा हिशेब.

दादाची पन्नाशी आली. तो नाशिकला असतो, ते जुनं यंत्र त्याने जपून ठेवलंय, वहिनींनी तीनदा भंगारात काढलं आणि तीनदा परत आलं. मी ठरवलं, याला ‘बॅटल सिटी’ची अस्सल जपानी कॅसेट द्यायची, डब्यासकट, पुस्तिकेसकट. ऑनलाइन एका विक्रेत्याकडे मिळाली. वर्णनात लिहिलं होतं अस्सल, जुना साठा, न वापरलेली. सात हजार दोनशे रुपये. पगारदार माणसाला हे सात हजार दोनशे किती वेळा मोजावे लागतात ते मी तुम्हाला सांगायला नको. घरात मी आकडा थोडा कमी सांगितला होता, तोही आज जाहीर होतो आहे.

वाढदिवसाला सगळ्यांसमोर दादाने डबा उघडला. कॅसेट हातात घेऊन वजन केलं, मग आतून स्क्रू-ड्रायव्हर आणायला सांगितला. मी म्हटलं, अरे नको उघडू. त्याने उघडली. अस्सल कॅसेटच्या सर्किट बोर्डावर कंपनीचं नाव, क्रमांक काही तरी छापलेलं असतं. इथे नुसती हिरवी पाटी आणि मधोमध डांबरासारखा काळा ठिपका. डबा नवा छापलेला, कोपरे मुद्दाम घासलेले. माझा चेहरा पडला. दादाने ती परत बंद केली, आमच्या जुन्या यंत्रात घातली, चालू केली. टँक आला, ओळ पुसलेली. तो हसून म्हणाला, "अरे, ही तर आपलीच आहे. लहानपणी होती तशीच्या तशी."

हे वाक्य अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. कारण ते खोटं नाही. आमच्यासाठी आठवण त्या नकलेचीच आहे. जपानी मुलाची आठवण वेगळी, त्याच्याकडे डबा होता, पुस्तिका होती, कंपनीचं नाव होतं. मग आम्ही अस्सल विकत घेऊन नेमकं काय परत मिळवणार? जे आमच्याकडे कधी नव्हतंच ते? मी याचं उत्तर देऊ शकत नाही, पण त्या विक्रेत्याने मला आठवण विकली नव्हती, त्याने मला ‘अस्सल’ हा शब्द विकला होता, आणि तो शब्द खोटा होता. एवढं मला ठामपणे वाटतं. तक्रार केली. पैसे परत आले नाहीत.

त्यानंतर मी या बाजाराचा थोडा अभ्यास केला. काकूंना कंटाळा येत असेल तर त्यांनी थोडं पैठणीकडे लक्ष न्यावं. येवल्याची हातमागाची पैठणी वेगळी, मशिनवरची सेमी पैठणी वेगळी. सेमीवाल्याने सेमी म्हणून विकली तर त्यात काही गैर नाही. खेळांचंही तेच आहे. तीन प्रकार आहेत. एक, त्या काळची अस्सल कॅसेट. दोन, ज्याच्याकडे हक्क आहेत त्याच्या परवान्याने आज नव्याने काढलेली आवृत्ती. तीन, परवान्याशिवाय केलेली नक्कल. मला फसवलं गेलं ते तिसरी पहिली म्हणून विकून. आणि दुसरीबद्दल मला माहितीच नव्हती.

दुसरा प्रकार तुमच्या घरात आहे, फक्त तुम्ही त्याला त्या नावाने ओळखत नाही. सारेगामाचा कारवाँ! मराठीसुद्धा निघाला. बाबूजींची, आशाताईंची, लताबाईंची जुनी गाणी, मूळ ध्वनिमुद्रणं ज्या कंपनीच्या मालकीची तिनेच नव्या डब्यात घालून दिली. आपल्या आईवडिलांना आपण तो भेट दिला. रेकॉर्डच्या खरखरीची मजा त्यात नाही हे मान्य, पण गाणं कोणाचं, संगीत कोणाचं हे विचारायला जागा आहे. त्याआधी आपल्याकडे रस्त्यावर मिळणाऱ्या कॅसेटवर गायकाचं नावसुद्धा धड नसायचं. आणि बाबूजी तर आपल्या या भूमीच्या मुक्तिसंग्रामात स्वतः उतरलेले, त्यांचं नाव तरी सिल्वासात कोणी पुसू नये.

खेळांत हे काम गेल्या दहा वर्षांत खूप वाढलं. निन्टेन्डोने २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये आपलं जुनं यंत्र तळहातावर मावेल एवढं करून काढलं, आत तीस खेळ भरलेले. लोकांच्या उड्या पडल्या, माल संपला, आणि ज्यांनी दोन-चार उचलून ठेवले होते त्यांनी दुप्पट-तिप्पट भावात विकले. पुढच्या एप्रिलमध्ये कंपनीने ते बंद केलं आणि २०१८ मध्ये परत आणलं. तेव्हा ज्यांनी दुप्पट पैसे दिले होते त्यांचे चेहरे मी मनातल्या मनात पाहिले, कारण तोपर्यंत मीही त्या रांगेत उभा राहायला तयार होतो.

पण परवाना आहे म्हणून माल चांगला, असं समजू नका. २०१८ च्या डिसेंबरमध्ये सोनीने आपल्या पहिल्या प्लेस्टेशनचं असंच छोटं यंत्र काढलं. वीस खेळ. त्यातले नऊ युरोपच्या पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला पन्नास चित्रांचे, मूळपेक्षा संथ चालणारे. शंभर डॉलरचं यंत्र काही आठवड्यांत साठपर्यंत उतरलं. आणखी एक गंमत ऐका. ‘स्ट्रीट फायटर’ मालिकेला तीस वर्षं झाली म्हणून २०१७ मध्ये अमेरिकेत कॅपकॉमच्या परवान्याने ‘स्ट्रीट फायटर २’ची खऱ्या कॅसेटची आवृत्ती निघाली, साडेपाच हजार नग, शंभर डॉलरला एक. आणि सोबत सूचना, ही कॅसेट जुन्या यंत्रात घातल्यास यंत्र तापून आग लागू शकते, तेव्हा संग्रहासाठीच ठेवावी! पूजेतल्या सुपारीसारखं झालं, पूजा करा, खाऊ नका.

मर्यादित नग हाही एक धंदाच आहे, त्यात मला गोडी नाही. मूळ खेळ दुर्मिळ झाला तो काळाने, कंपनी बुडाली म्हणून, लोकांनी जपला नाही म्हणून. नवी आवृत्ती मुद्दाम कमी काढून दुर्मिळ करायची हे मला पटत नाही. ज्याला हवं त्याला मिळावं, नाही तर ज्यासाठी पुनर्प्रकाशन करायचं तेच राहिलं.

आणि पुनर्प्रकाशन किती थोड्यांचं होतं पाहा. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने मोजणी केली. तिथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. शंभरातले सत्त्याऐंशी. कारण कागदपत्रं. आपल्या शेताच्या सातबाऱ्यासारखंच, वारस पांगले की नाव लागत नाही. हडसन नावाची मोठी कंपनी होती, आपला बॉम्बरमॅन तिचा, ती २०१२ मध्ये कोनामीत विलीन झाली. डेटा ईस्ट २००३ मध्ये दिवाळखोरीत गेली. जेम्स बाँडवरचा ‘गोल्डनआय’ १९९७ चा, त्यात खेळ बनवणारे एक, यंत्रवाले दुसरे, सिनेमावाले तिसरे, सगळ्यांचं जमून तो परत यायला २०२३ उजाडलं. ज्यांच्या मागे कोणी मोठं नाही ते खेळ तसेच पडून आहेत.

तरी एखादा सुटतो. १९९२ मध्ये जपानच्या सनसॉफ्टने ‘गिमिक’ नावाचा खेळ काढला. हिरवट छोटा भूत, त्याच्याजवळ एक चांदणी, ती फेकायची आणि तिच्यावरच बसून जायचं. जपानच्या बाहेर तो फक्त स्कँडिनेव्हियात गेला. मूळ कॅसेट आज जुन्या बाजारात हजारो-लाखांत बोलली जाते, आमच्यासारख्यांनी तिच्याकडे पाहूही नये. २०२३ च्या जुलैमध्ये त्याची अधिकृत आवृत्ती कॉम्प्युटरवर आणि नव्या यंत्रांवर आली, एका पिझ्झाच्या आसपास किमतीत. मी घेतली. संगीत ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो. त्या जपानी कॅसेटमध्ये आवाजासाठी एक वेगळी चिप होती, स्कँडिनेव्हियाच्या कॅसेटमध्ये ती नव्हती, तीच करामत इथे ऐकू येते. खेळ रचणाऱ्याचं नाव तोमोमी साकाई, संगीत मासाशी कागेयामा यांचं. हा माझ्या लहानपणचा खेळ नाही, तो कधी आमच्यापर्यंत आलाच नव्हता. तरी मला तो जुना वाटला नाही आणि नवाही वाटला नाही.

माझी मुलगी आता कॉम्प्युटरचा डिप्लोमा करते आहे. गेल्या वर्षी तिने आणि दोन मैत्रिणींनी एक छोटा खेळ केला, मधुबन धरणावरून पाणी सोडायच्या फाटकांवर आधारित, दरवाजे कधी उघडायचे कधी बंद करायचे असा. फुकट ठेवला होता, कोणीही खेळावा म्हणून, शेवटी तिघींची नावं. तीन आठवड्यांनी तो एका परदेशी साइटवर दिसला. खेळ तोच, फाटकं तीच, शेवटची नावं नाहीत, आणि मधे जाहिराती. ती मला म्हणाली, "पप्पा, पैसे नाही घेतले तरी चाललं असतं. नावं कशाला काढली?" मी त्या वेळी तिला काही बोललो नाही. चाळीस रुपयांच्या सीडीवर मी अर्धं नाव लिहायचो ते मला आठवत होतं. साइटला मेल केला, उत्तर आलं नाही. तिने पुढच्या आवृत्तीत नावं अगदी पहिल्या पडद्यावरच, धरणाच्या भिंतीवर, कोरल्यासारखी घातली आहेत. तिथून काढली तर भिंतच जाते.

तेव्हा आता विकत घेताना मी काय पाहतो ते थोडक्यात सांगतो, कोणाला नातवंडांसाठी घ्यायचं असेल म्हणून. पहिलं, डब्यावर किंवा पडद्यावर हक्कवाल्याची ओळ आहे का, वर्ष आणि नाव. दुसरं, त्या हक्कवाल्या कंपनीने स्वतःहून कुठे जाहीर केलंय का की ही आवृत्ती आम्ही परवाना देऊन काढली. विक्रेता सांगतो ते पुरेसं नाही, कार्यालयात आपण झेरॉक्सवाल्याला विचारत नाही प्रत खरी आहे का, मूळ कागद मागवतो. तिसरं, कॅसेट असेल तर आतली चिप जुन्या यंत्राला सोसते का. जुनं यंत्र पाच व्होल्टचं, स्वस्त नकलेत सव्वातीन व्होल्टच्या चिपा सरळ लावून देतात, आज चालेल पण यंत्रावर ताण येतो. परदेशातून मागवायचं तर सीमाशुल्क आणि टपालखर्च आधीच जोडून पाहा, माझ्या एका मित्राची वीस डॉलरची कॅसेट घरी येईपर्यंत दुप्पट झाली. आणि कॉम्प्युटरवर घेतलेला खेळ म्हणजे वस्तू नाही, परवानगी आहे, हेही लक्षात ठेवा. निन्टेन्डोने आपल्या दोन जुन्या यंत्रांची ऑनलाइन दुकानं २७ मार्च २०२३ ला खरेदीसाठी बंद केली, तिथे मिळणारे कित्येक जुने खेळ त्या दिवशी परत नाहीसे झाले. आपल्याकडच्या भाडेपट्टीच्या जमिनीसारखं, कसायला मिळते, नावावर होत नाही.

आणि हो, बंदूक. खोक्यातल्या बंदुकीने बदकं मारायचा खेळ होता, तो आजच्या सपाट टीव्हीवर चालत नाही, जुना डबा टीव्हीच लागतो. कोणाच्या माळ्यावर चालू डबा टीव्ही असेल तर कृपया टाकू नका, मला फोन करा. पण कॅसेटमध्ये फुंकर मारत जाऊ नका. आपण सगळ्यांनी मारली, सगळ्यांना वाटलं त्यानेच चालतं. थुंकीच्या ओलीने धातूच्या पट्ट्या गंजतात, खुद्द निन्टेन्डोनेच तसं सांगितलं आहे. चालायचं ते काढून परत घातल्याने.

दादाला नंतर मी ‘बॅटल सिटी’ची अधिकृत आवृत्ती घेऊन दिली, त्याच्या मुलाच्या लॅपटॉपवर. नावाचा पडदा आला तेव्हा त्याने खालची ओळ वाचली, पुन्हा वाचली. मग खेळायला सुरुवातच केली नाही. सरळ नकाशा बनवायला गेला. दीड तास जंजिरा बांधत होता, पाणी चारी बाजूंनी, पोलादी बुरूज, गरुड मधे. वहिनी जेवायला तीनदा बोलावून गेल्या. या आवृत्तीत चालू खेळ जसाच्या तसा साठवून ठेवता येतो, ते मी त्याला शेवटी दाखवलं. त्याने साठवला, लॅपटॉप बंद केला, परत चालू केला. जंजिरा होता.

मागच्या खोलीत आता तोच खेळ मोठ्या पडद्यावर लावला आहे, दोघांसाठी. नाटुकलं संपल्यावर पोरांनी रांगेत यावं, एका जोडीला दहा मिनिटं. ज्येष्ठांनाही मुभा आहे. फक्त गरुडावर गोळी घालायची नाही, ती आपल्याच बाजूची असते, हे दादाला समजायला पहिली दोन वर्षं लागली होती.